कार्लाईलच्या हॉस्टेलची टीम

सुरुवातीलाच कबुली देतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतील. त्या संपादकांनी सुधारल्या असतील तर श्रेय त्यांचं, राहिल्या असतील तर पाप माझं!

विषय फुटबॉलचा आहे, पण आपल्या फुटबॉलचा नाही. आपल्या ग्राउंडवर पावसाळ्यात फुटबॉल खेळणं काय असतं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. काळी माती बुटाला अशी चिकटते की हाफ टाइमपर्यंत प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. अशाच एका मॅचनंतर मेसमध्ये वाद झाला. एक जण म्हणाला, "अमेरिकेत हाताने खेळतात आणि त्याला फुटबॉल म्हणतात, येडे कुठले!" मी त्या वेळी खूप हसलो. नंतर पी.एल. लागल्यावर (अभ्यास सोडून बाकी सगळं वाचायची हीच वेळ असते) त्या खेळाबद्दल वाचत गेलो आणि वाचता वाचता एका टीमपाशी येऊन थांबलो. ही टीम होती शंभर वर्षांपूर्वीच्या एका हॉस्टेलमधल्या मुलांची. त्यांच्या १९१२ च्या सीझनची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. आधी हसण्यासारखी वाटेल, नंतर नाही.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकन फुटबॉल समजायचा सोपा मार्ग म्हणजे कबड्डी डोळ्यासमोर आणा. दोन टीम, प्रत्येकी अकरा खेळाडू. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. अंड्यासारखा लांबट बॉल हातात घेऊन समोरच्यांच्या हद्दीत घुसायचं, त्यांनी तुम्हाला पकडून पाडायचं. पाडलं की तो डाव संपला, तिथूनच पुढचा डाव सुरू. चार डावांत १० यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार डाव मिळतात, नाही सरकलात तर बॉल समोरच्या टीमकडे. शेवटच्या रेषेपलीकडे बॉल नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. दोन खांबांमधून लाथेने बॉल मारला की फील्ड गोल, त्याचे ३ गुण.

हे सगळे नियम पहिल्यापासून असे नव्हते. १९०५ पर्यंत तीन डावांत फक्त ५ यार्ड जायचं असे आणि बॉल पुढे फेकायला बंदी होती. आता आपण इंजिनिअर लोक आहोत, विचार करा. फेकायचं नाही, अंतरही थोडंसंच कापायचं. मग सगळ्यात सोपं सोल्युशन काय? भरपूर वजनदार पोरं घ्या, सगळ्यांना एकमेकांना चिकटवा आणि एकाच जागी ढकला. म्हणजे नुसतं मास वाढवा! त्यामुळे माणसांचे ढीग पडत, खाली सापडलेल्याची मान नाहीतर बरगडी मोडे. १९०५ च्या एका सीझनमध्ये वर्तमानपत्रांच्या मोजणीप्रमाणे १९ जण मेले. शेवटी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून खेळ सुधारायला सांगितलं.

१९०६ पासून नियम बदलले. ५ यार्डांचे १० यार्ड झाले आणि बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली. फेक हुकली तर शिक्षा जबर होती, म्हणून मोठ्या कॉलेजांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. त्यांच्याकडे वजनदार पोरं होतीच की! नवीन नियमाचा खरा फायदा ज्यांच्याकडे वजन नव्हतं त्यांनाच कळला. १९१२ मध्ये आणखी बदल झाले. तीनाचे चार डाव झाले, टचडाऊनचे ५ चे ६ गुण झाले आणि मैदान १०० यार्डांचं झालं. म्हणजे आजच्यासारखा खेळ पहिल्यांदा १९१२ मध्ये खेळला गेला, आणि त्या वर्षी तो सगळ्यात देखणा कोणी खेळला असेल तर ते कॉलेज नव्हतंच!

शाळा कसली होती?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात कार्लाईल नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या लष्करी बराकींमध्ये १८७९ साली रिचर्ड हेन्री प्रॅट नावाच्या सैन्यातल्या अधिकाऱ्याने एक शाळा सुरू केली, कार्लाईल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल. इथे 'इंडियन' म्हणजे आपण नाही. कोलंबसला वाटलं तो भारतात पोचला, म्हणून तिथल्या मूळ रहिवाशांना चारशे वर्षं आपलं नाव चिकटलं. सू, चिपेवा, होपी, सॅक अँड फॉक्स अशा कितीतरी जमातींची मुलंमुली हजारो मैलांवरून रेल्वेने इथे आणली गेली. काहींना आईबापांनी पाठवलं, काहींच्या बाबतीत आईबापांना विचारण्याची तसदीही कोणी घेतली नाही. १९०७ मध्ये काही होपी लोकांना तर कैदी म्हणूनच इथे पाठवलं होतं.

प्रॅटचं मत असं की या मुलांमधला 'इंडियन' मारला तरच आतला माणूस वाचेल. त्याला ते मनापासून पटलेलं होतं, म्हणून तर जास्त भीती वाटते. मुलं आली की पहिल्यांदा केस कापत. त्यांच्यात केस कापतात ते घरात कोणी गेलं की! त्यामुळे लहान मुलं रात्रभर रडत. मग युनिफॉर्म, बँड, कवायत. मग नाव. पहिल्या तुकडीतल्या ल्यूथर स्टँडिंग बेअरने मोठेपणी लिहून ठेवलं आहे की फळ्यावर इंग्रजी नावं लिहिलेली होती आणि हातात काठी देऊन त्यातलं एक निवडायला सांगितलं. त्याला वाचताच येत नव्हतं! आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे आपली भाषा बोलायची नाही. बोललं की शिक्षा.

इथे मला माझी शाळा आठवली. आमच्याकडेही मराठी बोललं की दंड होता, एका वाक्याला एक रुपया. आम्ही त्यात मजा करायचो, दोन रुपये खिशात ठेवून दोन वाक्यं बोलून घ्यायचो. पण आम्ही संध्याकाळी घरी जायचो, आणि घरी आजी होती. कार्लाईलच्या मुलांना वर्षानुवर्षं घर दिसत नसे. सुट्टीतसुद्धा त्यांना आजूबाजूच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवत. अनेक मुलं क्षयाने आणि इतर साथींनी गेली. शाळेच्या आवारातच दफनभूमी होती, तिथे जवळजवळ दोनशे थडगी होती.

अर्धा दिवस पुस्तकं, अर्धा दिवस सुतारकाम, लोहारकाम, शिवणकाम, धोबीकाम. म्हणजे दर्जा कॉलेजचा नव्हताच, आपल्या हायस्कूलपेक्षाही थोडा कमी. पण वयाने काही मुलं वीस-बावीस, पंचवीस वर्षांची असत. म्हणून त्यांची टीम कॉलेजांशी खेळू शकली.

टीम कशी तयार झाली

प्रॅटला फुटबॉल आवडत नव्हता. एका मुलाचा पाय मोडल्यावर त्याने बाहेरच्यांशी मॅचेस बंद केल्या. मुलांचा घोळका त्याच्या ऑफिसात गेला आणि त्यांच्यातल्या एकाने इतकं छान भाषण केलं की प्रॅट विरघळला. त्याने दोन अटी घातल्या अशी त्याची आठवण आहे. एक, समोरच्याने ठोसा मारला तरी तुम्ही मारायचा नाही. दोन, थोड्याच वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या टीमला हरवायचं.

१८९९ मध्ये ग्लेन वॉर्नर हा कोच आला. सगळे त्याला 'पॉप' म्हणत. तो कॉर्नेलचा वकील, पण डोकं आपल्यासारखं! त्याच्या लक्षात आलं की आपली पोरं हलकी आहेत पण चपळ आहेत, तेव्हा ताकदीने नाही, युक्तीने खेळायचं. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याने कमाल केली. चार्ल्स डिलन या खेळाडूच्या जर्सीला आतून इलॅस्टिक शिवून घेतलं. बॉल आला, सगळे गोल करून उभे राहिले, जिमी जॉन्सनने बॉल डिलनच्या पाठीवर जर्सीत सरकवला आणि सगळे सुटले. हार्वर्डवाले बॉल शोधत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे सोडून पळत सुटला, थेट टचडाऊन! (ती मॅच ते १२-११ अशी हरले, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पाठीतला बॉल.)

मग १९०६ चा तो फेकीचा नियम आला. लांबट बॉल सरळ फेकला तर हवेत कोलांट्या खातो. पण बोटांनी पिळा देऊन फेकला तर तो आपल्या लांब अक्षाभोवती फिरतो आणि नाक सरळ ठेवून जातो. थिअरी ऑफ मशीन्समध्ये जायरोस्कोप शिकलो ना आपण, तेच. रायफलची गोळी ज्या कारणाने सरळ जाते, त्याच कारणाने. कार्लाईलच्या मुलांनी हे तासन्तास घोटलं आणि १९०७ मध्ये पेन युनिव्हर्सिटीला २६-६, हार्वर्डला २३-१५ आणि शिकागोला १८-४ असं हरवलं. ११ पैकी १० मॅचेस जिंकल्या. वजनावर खेळणाऱ्यांना पहिल्यांदा कळलं की बॉल माणसांच्या वरून पण जातो!

१९१२ चा सीझन

आता आपल्या सीझनकडे येऊ. टीममध्ये कोण कोण होतं? क्वार्टरबॅक गस वेल्च, चिपेवा जमातीचा, आईबाप नसलेला, डोक्याने शांत. अ‍ॅलेक्स अर्कासा. जो गायन. आणि जिम थॉर्प.

थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. त्याच्या जमातीतल्या नावाचा अर्थ 'उजळलेली वाट' असा होतो. त्याचा जुळा भाऊ लहानपणीच बोर्डिंग शाळेत आजाराने गेला, पुढे आईवडीलही गेले. १९११ मध्ये त्याने दुखऱ्या पायाने हार्वर्डविरुद्ध चार फील्ड गोल मारले आणि कार्लाईल १८-१५ ने जिंकलं. १९१२ च्या उन्हाळ्यात तो स्टॉकहोम ऑलिंपिकला गेला आणि पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं घेऊन आला. त्याच शाळेचा होपी मुलगा लुई टेवानिमा १०,००० मीटरमध्ये रौप्यपदक घेऊन आला. एका शाळेतल्या दोन मुलांनी ऑलिंपिकमध्ये तीन पदकं आणली. आपण अजून शासकीय क्रीडा ग्रेसचे मार्क मिळतील का विचारतो!

सप्टेंबरमध्ये थॉर्प परत हॉस्टेलवर आला आणि सीझन सुरू झाला. सुरुवातीचे निकाल बघा. अल्ब्राइटला ५०-७, लेबनन व्हॅलीला ४५-०, डिकिन्सनला ३४-०, व्हिलानोव्हाला ६५-०. मग वॉशिंग्टन अँड जेफर्सन या छोट्या कॉलेजने त्यांना ०-० वर अडवलं. अति आत्मविश्वास झाला की असंच होतं. त्यानंतर पुन्हा गाडी रुळावर. सिरॅक्यूज ३३-०, पिट्सबर्ग ४५-८, जॉर्जटाउन ३४-२०, टोरोंटो ४९-१, लीहाय ३४-१४.

मोठ्या मॅचेस जवळजवळ सगळ्या दुसऱ्यांच्या ग्राउंडवर. कारण कार्लाईलच्या छोट्या मैदानावर प्रेक्षक किती बसणार? तिकिटांचा पैसा मोठ्या शहरांत होता. म्हणजे मुलं शनिवारी खेळत आणि बाकीचे दिवस रेल्वेत आणि वर्गात काढत.

९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट

आणि मग आली आर्मीची मॅच. वेस्ट पॉइंट म्हणजे अमेरिकेची लष्करी अकादमी, आपल्या खडकवासल्याच्या एन.डी.ए. सारखी समजा. समोर कोण उभे होते हे लक्षात घ्या. बावीस वर्षांपूर्वी, २९ डिसेंबर १८९० ला अमेरिकन सैन्याने वूंडेड नी इथे सू जमातीच्या दीडशेहून जास्त माणसांना मारलं होतं, त्यात बायका आणि मुलंही होती. ज्यांनी ते केलं त्यांचे वारस एका बाजूला, ज्यांच्यावर झालं त्यांचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक चामड्याचा बॉल. वॉर्नरने मॅचआधी मुलांना हीच आठवण करून दिली असं सांगतात. मला वाटतं, करून द्यायची गरज नव्हती.

वॉर्नरने त्या दिवशी नवीन रचना काढली. नेहमी मागे उभे राहणारे दोन हाफबॅक त्याने दोन्ही टोकांना पुढे नेऊन उभे केले. त्यामुळे बॉल डावीकडून जाणार, उजवीकडून जाणार, मधून जाणार की हवेतून, हे आर्मीला शेवटपर्यंत कळेना. पुढे याच रचनेला 'डबल विंग' नाव पडलं.

पहिला टचडाऊन आर्मीनेच केला, ६-०. त्यानंतर आर्मीला एकही गुण मिळाला नाही. अर्कासाने तीन टचडाऊन केले. थॉर्पने स्वतः टचडाऊन केला नाही, पण प्रत्येक वेळी आर्मीचे दोघे-तिघे त्याच्याकडे धावत आणि बाकीच्यांना वाट मोकळी. आर्मीचा धिप्पाड कॅप्टन डेव्होर जो गायनसमोर इतका हैराण झाला की चिडून त्याच्या अंगावर गेला आणि रेफरीने त्याला बाहेर काढलं. प्रॅटची पहिली अट आठवते? समोरच्याने मारलं तरी तुम्ही मारायचं नाही. शेवटी स्कोअर २७-६.

आर्मीच्या टीममध्ये थॉर्पला पाडायला धावणारा एक सडपातळ कॅडेट होता. त्याचा गुडघा दुखावला आणि पुढच्याच मॅचमध्ये कायमचा गेला. त्याचं नाव ड्वाइट आयसेनहॉवर. तोच, दुसऱ्या महायुद्धातला सेनापती आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. म्हातारपणीही तो थॉर्पचं कौतुक करायचा.

पुढच्याच आठवड्यात पेनने कार्लाईलला ३४-२६ असं हरवलं. सीझनमधला तेवढा एकच पराभव. मग स्प्रिंगफील्ड ३०-२४ आणि २८ नोव्हेंबरला ब्राऊन ३२-०. हिशोब असा: १४ मॅचेस, १२ विजय, १ पराभव, १ बरोबरी. एकूण ५०४ गुण.

टाळ्या संपल्यानंतर

गोष्ट इथे संपवली असती तर छान प्रेरणादायी लेख झाला असता. मी आधी तसाच लिहिला होता. मग पुढचं वाचलं.

जानेवारी १९१३ मध्ये बातमी आली की थॉर्प १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थोडे पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालत. तक्रार ३० दिवसांत करायची असा नियम होता, तो केव्हाच उलटून गेला होता. तरी त्याची पदकं काढून घेतली. इतर कॉलेजांची कितीतरी मुलं नाव बदलून हेच करत होती. थॉर्पने स्वतःचं खरं नाव वापरलं होतं! कोच आणि शाळेच्या प्रमुखांनी आम्हाला काही माहीत नव्हतं म्हणून हात झटकले. थॉर्प १९५३ साली गेला. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता मानलं गेलं आणि एकटा विजेता म्हणून त्याचं नाव परत लागलं ते जुलै २०२२ मध्ये. म्हणजे ११० वर्षांनी.

दुसरी गोष्ट शाळेची. टीम जिंकत होती म्हणून शाळेचं नाव पेपरात यायचं. लोक म्हणायचे, बघा, किती छान शाळा आहे! खेळाडूंना वेगळी राहायची जागा, वेगळं जेवण. बाकीच्या मुलांना, ज्यात अगदी लहान मुलंमुली होती, निकृष्ट जेवण आणि मार. टीमचा प्रकाश इतका होता की मागचा अंधार दिसतच नव्हता.

मग हा अंधार बाहेर काढला कोणी? त्या टीमच्याच क्वार्टरबॅकने. गस वेल्चला वेगळं जेवण मिळत होतं, त्याला गप्प बसणं सोयीचं होतं. त्याने मुलांच्या सह्यांचा अर्ज तयार केला, दोनशेहून जास्त सह्या जमवल्या आणि तो वॉशिंग्टनला पोचवला. १९१४ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीने कार्लाईलला येऊन चौकशी केली, साक्षी घेतल्या. जेवण, मारहाण, खेळाच्या फंडातल्या पैशाचा मनमानी वापर, सगळं रेकॉर्डवर आलं. शाळेच्या प्रमुखाला जावं लागलं, वॉर्नरही त्या वर्षीचा सीझन झाल्यावर गेला. १९१८ मध्ये शाळाच बंद झाली. तिथल्या मुलांच्या लोकांना, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना, सरसकट अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं ते त्यानंतर, १९२४ मध्ये! २०१७ पासून तिथल्या थडग्यांतल्या मुलांचे अवशेष त्यांच्या घरच्यांकडे परत दिले जात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा सगळ्या बोर्डिंग शाळांबद्दल जाहीर माफी मागितली आणि डिसेंबरमध्ये कार्लाईलची ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली.

आपल्याकडे त्या वेळी काय चाललं होतं?

तारखा जुळवून बघितल्या तर मजा वाटते. २९ जुलै १९११ ला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण अनवाणी. त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या भारतीय क्रिकेट टीममधून पुण्यामुंबईत खेळून मोठे झालेले पळवणकर बाळू यांनी शंभराहून जास्त विकेट घेतल्या. हेच बाळू चर्मकार समाजातले म्हणून पुण्यात त्यांना चहा मैदानाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. बॉल त्यांच्या हातचा चालत होता, कप चालत नव्हता. कार्लाईलसारखंच झालं की! जिंकण्यापुरते तुम्ही आमचे.

पण हॉस्टेल म्हणजे कार्लाईलच असतं असं नाही. १९०१ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांनी एकेक समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंग काढली. १९२४ मध्ये साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एकत्र राहतील, एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवतील असं बोर्डिंग चालवलं. आपल्या जिल्ह्यात रयतच्या शाळेत शिकलेले आईवडील आपल्यापैकी कित्येकांचे असतील. मुलाला घरापासून तोडून तिथेही ठेवत होते, पण त्याचं घर मारायला नाही, त्याला उभं करायला.

आणि आपल्या अहिल्यानगरची (तोंडात अजून 'नगर'च बसलंय) एक गोष्ट. १८३१ पासून अमेरिकेतले मिशनरी इथे आले. ते मराठी शिकले, मराठीत शाळा चालवल्या, १८४२ मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' हे मराठी नियतकालिक काढलं. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण इथेच, सिंथिया फेरार या अमेरिकन बाईंकडे घेतलं. म्हणजे एकाच देशातली काही माणसं इकडे येऊन आपली भाषा शिकत होती आणि काही तिकडे लहान मुलांच्या तोंडातली भाषा काढून घेत होती. देश वाईट किंवा चांगला असं नसतं, समोरच्या मुलाकडे आपण कसं बघतो यावर सगळं आहे.

शेवटी आपलं हॉस्टेल

आता खरं सांगायचं ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या विंगमध्ये अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या गावातून एक ज्युनिअर आला. आश्रमशाळेत शिकलेला. फुटबॉल असा खेळायचा की चिखलात आम्ही रुतायचो आणि हा पाण्यावरून चालल्यासारखा जायचा. टीममध्ये लगेच घेतला. ग्राउंडवर आम्ही त्याच्या नावाने ओरडायचो आणि रूमवर त्याच्या बोलण्याची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली नक्कल माझी व्हायची. कॉन्व्हेंटचा ना मी, आवाज काढायला पटाईत. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत तो फोनवर घरच्यांशी बोलायलासुद्धा गच्चीवर जायला लागला. आम्ही म्हणालो, गर्लफ्रेंड असेल.

कार्लाईलचं वाचून झालं त्या रात्री मला त्या गच्चीचा अर्थ कळला. आमच्याकडे काठी नव्हती, दंड नव्हता, नियमही नव्हता. फक्त हसणं होतं. आणि जे काम करायला तिथे शाळा, बराकी आणि चाळीस वर्षं लागली, ते आम्ही एका सेमिस्टरमध्ये करून दाखवलं.

मी त्याच्या रूमवर जाऊन सॉरी म्हणालो. तो "जाऊ द्या ना दादा" म्हणाला आणि विषय बदलला. एवढ्याने सगळं ठीक झालं असं मला वाटत नाही. पण परवा त्याच्या आईचा फोन आला तेव्हा तो आमच्यात बसूनच बोलला. कोणी हसलं नाही.

पुढच्या महिन्यात इंटर-हॉस्टेल आहे. जिंकलो तर नोटीस बोर्डावर फोटो लागेल, पेढे वाटू. पण मित्रांनो, त्या फोटोतल्या प्रत्येकाला आपल्या भाषेत मोठ्याने बोलता येतं का, तेही एकदा बघून घेऊ. आणि मेसच्या तक्रारीचा अर्ज फिरत आला तर टीमवाल्यांनी पहिली सही करा. क्वार्टरबॅकने केली होती.